एचपी शेवटी बघा: पाच-सहा एकरांसाठी ट्रॅक्टर निवडताना

शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा बघताय?" खरं तर हे सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. आधी शेतातली कामं, मग त्या कामांची अवजारं, मग अवजारं उचलायला आणि ओढायला लागणारं वजन. एवढं कागदावर आलं की एचपीचा आकडा जवळपास आपोआप पडतो. उलट्या बाजूने सुरुवात केली तर दोनपैकी एक होतं. शेजाऱ्याचा आहे म्हणून पंचेचाळीसचा घेतला जातो आणि तो बागेत शिरत नाही, किंवा स्वस्त म्हणून पंधराचा घेतला जातो आणि तो काळ्या रानात नुसती चाकं फिरवत बसतो.

सगळ्या निवडीला पुरेल असं एक सूत्र धरा. जे काम वर्षात तीस-चाळीस वेळा करायचं आहे त्याच्या मापाचा ट्रॅक्टर घ्या, आणि जे वर्षातून एकदाच करायचं आहे ते भाड्याने उरकून घ्या. नांगरट वर्षातून एकदा होते, काही रानांत दोन वर्षांतून एकदा. तरीही बहुतेक लोक ट्रॅक्टरचं माप नांगरावरून काढतात. छोट्या शेतात खर्च वाया जातो तो इथे.

आधी टेप घेऊन रानात जा

तीन मापं घ्या आणि लिहून ठेवा.

पहिलं, दोन ओळींमधली मोकळी जागा. लावणीचं अंतर लिहू नका, ट्रॅक्टरला प्रत्यक्ष मिळणारी वाट लिहा. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात द्राक्षाच्या दोन ओळींत ९ फूट असले तरी बाग भरात आल्यावर, फुटी बाहेर आल्या की, जेमतेम ६ फूट वाट उरते. त्यातून दोन्ही बाजूंना फूट-फूट सोडा. उरले ४ फूट, म्हणजे टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ट्रॅक्टर ४ फुटांच्या आत हवा. उसात साडेचार-पाच फुटी सरी असेल तर ३ फुटांच्या आसपास रुंदीचा ट्रॅक्टर दोन ओळींमधून जातो आणि बांधणी करतो. तीन फुटी सरी असेल तर कुठलाच ट्रॅक्टर आत घालायच्या भानगडीत पडू नका, तिथे पॉवर वीडरच, म्हणजे हाताने धरून चालवायचं तण काढायचं छोटं यंत्र चालतं. पाच बाय पाच मीटरवरची अंजिराची बाग ऐसपैस वाटते, पण खाली वाकलेल्या फांद्यांपासून मोजलं की आकडा बराच खाली येतो.

दुसरं माप उंचीचं. मांडवाखालून जायचं असेल तर तारेची सगळ्यात खाली झोळ पडलेली जागा मोजा. उभा सायलेन्सर आणि चालकामागची संरक्षक कमान या दोन गोष्टी तिथे अडतात. बागेसाठी घेताना आडवा, खालून जाणारा सायलेन्सर आणि दुमडता येणारी कमान मागून घ्या. नंतर वेल्डिंगवाल्याकडून कमान कापून घेऊ नका. ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी तीच एक वस्तू आहे.

तिसरं माप वळणाचं, आणि हे सहसा कोणीच घेत नाही. २० गुंठ्यांचा तुकडा धरा, ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरला मागे अवजार धरून वळायला दोन्ही टोकांना साधारण २०-२० फूट लागतात. लांबीत काम केलं तर ३३० मधले ४० फूट वळणात गेले, म्हणजे १२ टक्के. हे चालतं. पण पाण्याच्या उतारामुळे किंवा पाटामुळे तोच तुकडा आडवा करावा लागत असेल तर ६६ मधले ४० गेले, म्हणजे साठ टक्के रान वळणातच तुडवलं गेलं. १२ फुटांत वळणारा छोटा ट्रॅक्टर तिथे ४२ फूट सरळ चालतो. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे लांबट पट्ट्यांचे झाले आहेत, त्यामुळे हे गणित पुणे जिल्ह्यात जवळपास प्रत्येकाला लागू पडतं. बांधावरची बाभूळ, विहिरीचा कठडा, विजेचा खांब हेही मोजा.

माती काय मागते

काळ्या भारी जमिनीत आणि मुरमाड हलक्या जमिनीत एकच नांगर ओढायला दुपटीचा फरक पडतो. हिशेब सोपा आहे. नांगर जेवढी माती कापतो तिची रुंदी गुणिले खोली, सेंटिमीटरमध्ये. त्याला मातीच्या विरोधाने गुणायचं. हलक्या रानात हा विरोध दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३ किलो, मध्यम रानात ०.४ ते ०.५, आणि काळ्या रानात वाफसा असताना ०.६ ते ०.७. रान वाळून भेगाळलं की याहूनही जास्त.

१२ इंची दोन फाळांचा पलटी नांगर ८ इंच खोल चालवायचा आहे असं धरू. ६० गुणिले २० म्हणजे १,२०० चौरस सेंटिमीटर. काळ्या रानात ०.६ ने गुणलं की ७२० किलो ओढ झाली. ताशी ४ किलोमीटरने ओढायला लागणारी ताकद, ७२० गुणिले ४ भागिले २७०, म्हणजे जेमतेम ११ एचपी. इंजिनाची ताकद मऊ रानात चाकांपर्यंत निम्मी-साठ टक्केच पोचते, तरी २० एचपीचं इंजिन पुरायला हवं.

मग लोक याच नांगराला पंचेचाळीसचा का जोडतात? वजनासाठी. शेतात ट्रॅक्टर जेवढी ओढ देतो ती चाकांवर पडणाऱ्या वजनाच्या साधारण निम्मी असते. सत्तावीस एचपीचा छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर हजार किलोंच्या आसपास भरतो. तो ५०० किलो ओढेल, फार तर वजनं लावून साडेपाचशे. ७२० मागितले की इंजिन गुरगुरत राहतं आणि चाकं जागेवर खड्डे काढतात. पंचेचाळीसचा दोन टनांचा असतो. टायरमध्ये पाणी आणि मागे वजनाचे गोटे घातले, की काम करताना त्याच्या मागच्या चाकांवर दीड-पावणेदोन टन येतात आणि तो ही ओढ पेलतो. तेही काठावरच.

छोट्या ट्रॅक्टरला काळ्या रानात एकच फाळ लावा. ६०० चौरस सेंटिमीटर, ०.६५ ने गुणून ३९० किलो, आरामात निघतं, फक्त वेळ दुप्पट जातो. पुरंदरच्या मुरमाड किंवा मावळ-मुळशीच्या तांबड्या हलक्या रानात तोच ट्रॅक्टर दोन फाळही ओढतो.

रोटाव्हेटरचं माप

रोटाव्हेटर म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार. त्याला ओढ लागत नाही, उलट तो ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. इथे पीटीओची, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याची ताकद महत्त्वाची. माहितीपत्रकावरचा ठळक आकडा इंजिनाचा असतो, पीटीओवर त्याच्या ८५ ते ९० टक्केच मिळते. म्हणून पत्रकात "पीटीओ एचपी" ही ओळ शोधा आणि तिच्यावरच ठरवा.

३ फुटी रोटाव्हेटर १५ ते २० एचपीला, ४ फुटी २५ ते ३५ ला, ५ फुटी ३५ ते ४५ ला, ६ फुटी ४५ च्या पुढे. काळ्या रानात प्रत्येक पट्ट्याचा वरचा आकडा धरा. विक्रेता "चालतंय की" म्हणत अर्धा फूट मोठा देऊ बघतो. रान हलकं असेल तोवर चालतंही. वाफसा नसताना ढेकळात घातला की इंजिन दबतं, पाणी तापतं, आणि पीटीओ शाफ्टचे क्रॉस तुटायला लागतात. फार लहान घेण्यातही तोटा आहे. रोटाव्हेटरची रुंदी दोन्ही मागच्या टायरच्या बाहेरच्या कडा झाकणारी हवी, नाहीतर टायरखाली दबलेली पट्टी तशीच राहते. एका बाजूची तरी झाकली जावी म्हणून रोटाव्हेटर उजवीकडे सरकवून जोडता येतो का, तेही बघून घ्या.

वेळेचा अंदाज असा. ४ फुटी रोटाव्हेटर ताशी ३ किलोमीटरने, वळणं धरून, तासाला पाऊण एकरापेक्षा थोडं कमी करतो, म्हणजे एकराला दीड तास. ५ फुटी एकराला साधारण एक तास. ३ फुटी दोन तासांच्या घरात. तुकडे १० गुंठ्यांचे असतील तर यावर आणखी पाव वेळ वाढवा.

गिअर तपासायचा तो इथेच. इंजिन पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून सगळ्यात खालच्या दोन गिअरमध्ये ट्रॅक्टर किती वेगाने जातो ते पत्रकातल्या तक्त्यात बघा. ताशी दोन-अडीच किलोमीटरचा गिअर नसेल तर रोटाव्हेटर रान चिरत नाही, वरवर खरवडतो. मल्चिंग पेपर अंथरायचा असेल तर याहून हळू चालणारा, क्रीपर गिअर लागतो. क्लच शक्यतो डबल घ्या. सिंगल क्लचमध्ये गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला प्रत्येक वेळी ब्लोअरचा (बागेतल्या फवारणी यंत्राचा) पंखा थांबायला आणि पुन्हा वेगात यायला लागला, की शेवटच्या चार झाडांवर औषध धड बसत नाही.

ब्लोअर, लिफ्ट आणि उचललेलं तोंड

बागायतदाराने हा भाग नीट वाचावा, कारण फवारणी हेच त्याचं खरं रोजचं काम. पाऊस पडून गेला की डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी काही तासांत उरकावी लागते. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवशी सगळ्यांनाच हवा असतो. द्राक्षवाल्याने स्वतःचा ट्रॅक्टर घ्यावा तो या एका कारणासाठी. नांगरटीसाठी नव्हे.

लिफ्टची, म्हणजे मागचं अवजार उचलण्याची क्षमता पत्रकात खालच्या लिंकच्या (अवजार धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी मोजलेली असते. टाकीचा भार त्या टोकापासून दीड-दोन फूट मागे असतो आणि तिथे क्षमता बरीच उतरते. म्हणून भरलेल्या अवजाराच्या वजनाच्या दीडपट क्षमता असलेला ट्रॅक्टर घ्या. ४०० लिटरचा, लिफ्टवर बसणारा ब्लोअर भरला की पाणी ४०० किलो आणि यंत्र साधारण २००, एकूण ६००. लिफ्ट ९०० किलोंची हवी.

पण लिफ्टने उचललं म्हणजे काम झालं असं नाही. आता पुढच्या चाकांचा हिशेब. मागच्या एक्सलपासून भाराच्या मध्यापर्यंतचं अंतर छोट्या ट्रॅक्टरवर १.३ मीटरच्या आसपास येतं, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १.५५ मीटर धरा. ६०० गुणिले १.३ भागिले १.५५, म्हणजे पुढच्या चाकांवरून ५०० किलो उचलले गेले. हजार किलोंच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात ४२० किलो असतात. म्हणजे तोंड वर. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जाणार, आणि चढावर उलटाही होईल.

पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा कायम राहिला पाहिजे. २०० लिटरची टाकी घेतली तर भरून ३३० किलो, पुढून २७७ कमी होतात, उरले १४३. पाचवा हिस्सा २०० किलोंचा, म्हणजे पुढे अजून साठेक किलोंची वजनं बांधायची. मोठी टाकी हवी असेल तर चाकांवर चालणारा, मागे ओढायचा ५००-६०० लिटरचा ब्लोअर घ्या आणि २४ ते २८ एचपीचा ट्रॅक्टर. द्राक्षपट्ट्यात हीच जोडी सगळीकडे दिसते, ती उगाच नाही. एकच अडचण, ओढायच्या ब्लोअरला ओळीच्या टोकाला वळायला जास्त जागा लागते. मघाच्या टेपच्या मापात तेवढी भर घाला.

अवजारं आणि ट्रॅक्टर वेगवेगळ्या दुकानांतून घेत असाल तर पिनांची जाडी जुळवा. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकला २२ मिलिमीटरची पिन बसते, मोठ्याच्या २८ ची. वरच्या लिंकला अनुक्रमे १९ आणि २५. २२ ची पिन २८ च्या भोकात घालून काम ढकललं तर अवजार डुलत राहतं आणि महिनाभरात भोकं अंडाकृती होतात. बुश मिळतात, स्वस्त असतात, ते बसवा.

तालुक्याप्रमाणे

मुळशी, मावळ, भोर, राजगड (पूर्वीचं वेल्हे) इथल्या भातखाचरांना वजन नको असतं. खाचरं तीन-पाच गुंठ्यांची, एकाखाली एक. चिखलणीच्या वेळी जड ट्रॅक्टर रुततो, खालचा पाणी धरणारा थर फोडतो, आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बांध ढासळवतो. १२ ते १५ एचपीचा पॉवर टिलर लोखंडी चाकांवर तिथे पुरतो. बसून काम करायचं असेल तर २० एचपीच्या आसपासचा फोर व्हील ड्राइव्ह, मागच्या टायरला अर्धी केज व्हील (चिखलात चालणारी लोखंडी चाकं) लावून. उतारावर अरुंद ट्रॅक्टर लवकर कलंडतो, म्हणून बागेचं काम नसेल तर मागची चाकं जितकी बाहेर घेता येतील तितकी घ्या. तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढायचा, उतार पुढे तोंड करून उतरायचा.

पुरंदरात अंजीर, सीताफळ आणि मधे वाटाणा, रान उथळ आणि मुरमाड. १८ ते २४ एचपी भागवतो.

जुन्नरला द्राक्ष आणि टोमॅटो असेल तर वर सांगितलेली २४-२८ ची जोडी. पण आंबेगावच्या सातगाव पठारासारखा बटाटा किंवा खेड-शिरूरसारखा कांदा हेच मुख्य पीक असेल तर बेड पाडणं, लावणी, काढणी या कामांना वजन आणि रुंदी लागते. तिथे ३५ ते ४० एचपीचा बसतो. छोट्या शेतकऱ्याने याहून वर जावं असं आम्हाला वाटत नाही.

बारामती, इंदापूर, दौंडच्या ऊसपट्ट्यात १५ ते २० एचपीचा अरुंद ट्रॅक्टर आंतरमशागतीला आणि बाळबांधणीला घ्यावा. नांगरट, सबसॉयलर (खालचा कठीण थर खोलवर फोडणारं अवजार), खोडव्यातली पाचट कुट्टी ही ४५ च्या पुढची कामं, ती भाड्याने. पाच एकरांतल्या पाचटासाठी पन्नासचा ट्रॅक्टर घेणं म्हणजे लग्नाच्या एका वरातीसाठी घोडा पाळणं. पन्नास ओलांडायचा मोह होत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे ट्रेम-४ निकष लागू आहेत. त्यामुळे त्यांची इंजिनं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची आली, किंमत वाढली, आणि गावातला मेकॅनिक त्यांना हात लावायला कचरतो.

ट्रॉली

ट्रॉली हवी म्हणून मोठा ट्रॅक्टर घेणारे बरेच आहेत. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर भरलेल्या ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपुढे नेऊ नये. हजार किलोंच्या ट्रॅक्टरमागे दीड टन, त्यात रिकामी ट्रॉलीच सहा-सातशे किलोंची. उरले आठशे किलो, म्हणजे टोमॅटोचे ३५-४० क्रेट. दिवे घाट किंवा कात्रज उतरताना याहून जास्त भरलं तर ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. मार्केटला रोज माल न्यायचा असेल तर पिकअप लावणं परवडतं. ट्रॉली शेणखत आणि कडब्यापुरती ठेवा. कधीही वरच्या लिंकला साखळी बांधून काही ओढू नका. खालच्या हुकालाच ओढ द्यायची, नाहीतर पुढची चाकं वर येऊन ट्रॅक्टर चालकावर उलटतो.

टू व्हील की फोर व्हील

३० एचपीच्या आत फोर व्हील ड्राइव्ह घ्या. छोट्या ट्रॅक्टरला वजन कमी, तेव्हा चारही चाकांनी माती धरणं हाच त्याचा आधार. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर फवारणीला जायचं तर त्याशिवाय गत्यंतर नाही. डांबरी रस्त्यावर मात्र पुढचा ड्राइव्ह काढून ठेवायचा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतात, त्यामुळे कठीण रस्त्यावर पुढचे टायर घासून गुळगुळीत होतात. टायर बदलताना चारही मूळ मापाचेच घ्या, पुढचं माप बदललं की गिअरवर ताण येतो. ४० एचपीच्या टू व्हीलला मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं की बऱ्याचदा फोर व्हीलची गरज पडत नाही.

घ्यायचा की भाड्याने?

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घालून पुन्हा करा. २७ एचपीचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ब्लोअर मिळून ७ लाख धरू. दहा वर्षांनी अडीच लाख आले तर वर्षाची घट ४५,०००. सरासरी पावणेपाच लाखांवर १० टक्क्यांनी व्याज ४७,५००. विमा, शेड वगैरे १२,५००. एकूण १,०५,०००, ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी. चालवायचा खर्च तासाला डिझेल ३०० रुपये, तेल-फिल्टर-दुरुस्ती १००, चालक १००, म्हणजे ५००. भाड्याचा दर तासाला १,००० असेल तर प्रत्येक तासाला ५०० वाचतात. १,०५,००० भागिले ५००, म्हणजे वर्षाला २१० तास.

आता आपले तास मोजा. दोन एकर द्राक्ष, वर्षात ४० फवारण्या, एकरी अर्धा तास, टाकी भरण्याचा वेळ धरून ५० तास. ओळींत रोटाव्हेटर चार वेळा, १२ तास. दोन एकर भाजीपाला, दोन हंगाम, प्रत्येकी दोन पाळ्या, १२ तास. बेड पाडायला चार. जेमतेम ८० तास झाले. म्हणजे निव्वळ पैशांत हा ट्रॅक्टर फिटत नाही. द्राक्षवाल्याने तरीही घ्यावा, कारण चुकलेल्या एका फवारणीने घडच जातात, पण तो खर्च आहे हे कबूल करून घ्यावा. उरलेले तास शेजारच्या बागांत फवारणी करून भरून काढता येतात. भुसार पिकं घेणाऱ्या पाच एकरवाल्याचे तास तीस-चाळीसच्या पुढे जात नाहीत. त्याने ट्रॅक्टर घेऊ नये, किंवा तिघा-चौघांत मिळून घ्यावा.

आपल्या रानात चालवून बघा

वेगवेगळ्या मापांचे ट्रॅक्टर शेजारी-शेजारी बघायचे तर डिसेंबरात मोशीला भरणारं किसान प्रदर्शन किंवा जानेवारीतलं बारामतीचं कृषिक सोयीचं. तिथे टेप घेऊन जा आणि बाहेरची रुंदी स्वतः मोजा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. पीटीओ ताकद, ओढ, लिफ्ट, डिझेल, सगळं त्या अहवालात असतं. विक्रेत्याकडे अहवाल मागा.

मग डेमो आपल्याच रानात घ्या, वाफशावर. मागच्या टायरवर खडूची खूण करा. अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती मीटर गेला ते मोजा, मग अवजार रानात घालून त्याच दहा फेऱ्या. मोकळा २९ मीटर गेला आणि कामात २५, तर घसरण १४ टक्के. १० ते १५ ठीक. २० च्या वर असेल तर वजन कमी पडतंय, अवजार लहान करा किंवा ट्रॅक्टर मोठा बघा. ५ च्या खाली असेल तर गरजेपेक्षा जड ट्रॅक्टर रान दाबत फिरतोय. डिझेलसाठी टाकी गळ्यापर्यंत भरा, एक एकर करा, आणि मापाने पुन्हा गळ्यापर्यंत भरा. तोंडी सांगितलेल्या अॅव्हरेजला काही अर्थ नाही.

जुना घेत असाल तर अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. खाली बसत आलं तर लिफ्टचं काम निघालं. हायड्रोलिक तेल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, चिखलणीच्या ट्रॅक्टरात हे हटकून सापडतं. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस धूर येतोय का ते बघा, येत असेल तर रिंगा गेल्या. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवीन घेताना अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करू नका. आधीची तारीख असलेलं बिल बाद होतं. कोटेशनमध्ये जीएसटी ५ टक्केच लावलाय ना, ते तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून खाली आला आहे. पुढची वजनं, हुक, हूड (वरचं छत), टूलकिट यांतलं काय किमतीत आहे आणि काय वेगळं, हे कोटेशनवर लिहून घ्या. ट्रॅक्टर दारात आला की चासी आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा, तासांच्या मीटरवरचा आकडा वॉरंटी कार्डावर लिहून घ्या, आणि ५० तासांच्या पहिल्या सर्व्हिसपर्यंत रोटाव्हेटर अर्ध्या खोलीवरच चालवा.